शाळेतल्या ग्रंथपालाचं काम नेमकं काय? शनिवारपर्यंत एका पानात लिहून द्यायचंय

कपाटाची किल्ली | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, थोडी मदत हवी आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, अनुदानित हायस्कूलमध्ये मी ग्रंथपाल आहे. अर्धवेळ. चौदा वर्षं झाली. पट हजारापर्यंत कधी गेला नाही, त्यामुळे पूर्णवेळ होण्याचा विषयच निघाला नाही. उलट दरवर्षी पटपडताळणी आली की आहे ते पद राहतं की जातं याचीच धास्ती.

आपल्याकडे शाळा उघडते जूनच्या शेवटी. यंदा उघडली ती नव्या मुख्याध्यापकांसह. माणूस चांगला आहे, काम मनापासून करतो. पहिल्या स्टाफ मीटिंगला त्यांनी सगळ्यांची कामं वहीत लिहून घेतली. माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, पुस्तकं द्यायची आणि घ्यायची, हे मधल्या सुट्टीत होऊन जाते. बाकीच्या वेळात तुमचं काम काय असते?"

टोमणा नव्हता हो. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आणि खोलीत बसलेल्या एकवीस जणांनाही माहीत नव्हतं, कारण सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते. मी म्हटलं, "असतं ना सर, बरंच असतं." त्यापुढे एक वाक्य सुचलं नाही. चौदा वर्षं आणि एक वाक्य नाही! शेवटी त्यांनीच सुटका केली. "शनिवारपर्यंत एका पानात लिहून द्या."

काल बसून लिहिलं. ग्रंथांची दाखल नोंद, वर्गीकरण, तालिकीकरण, देवघेव, वार्षिक पडताळणी, निर्लेखन. वाचून पाहिलं तर बी.लिब.च्या नोट्सचं पहिलं प्रकरण. आमच्या ह्यांनी चष्मा वर करून म्हटलं, "हे वाचून तुझे सर झोपतील."

दुसरं पान लिहिलं, गेल्या वर्षी खरंच काय केलं त्याचं. शिष्यवृत्तीचे फॉर्म, पोर्टलवर आधारमधलं नाव आणि दाखल्यातलं नाव जुळवणं, पाठ्यपुस्तकांचं वाटप, रजेवरच्या शिक्षकांचे तास. हे दिलं तर ते म्हणतील, मग बरोबर आहे, हेच करा.

तुम्ही काय लिहिलं असतं? आणि मुख्य म्हणजे सांगायचं कोणाला आणि कसं?

शंकासुर | सोमवार, रात्री १०.०५

लेखी काहीही देऊ नका. आज एक पान द्याल, उद्या तेच पान तुमच्यापुढे ठेवून म्हणतील, यातलं कोणतं काम अर्ध्या तासापेक्षा जास्त लागतं ते दाखवा.

आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून अशैक्षणिक कामाला लावू नये असं म्हटलंय, पण ते शिक्षकांना. तिथे शब्द 'शिक्षक' आहे. तुम्ही १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे शिक्षकेतर. म्हणजे त्या कलमाचं छत्रही तुमच्या डोक्यावर नाही. फॉर्म भरा आणि गप बसा, अशीच ही रचना आहे.

तास तिसरा | सोमवार, रात्री १०.३०

ताई, रागावू नका, पण तुमचा धागा वाचून आधी हेवाच वाटला. मी मेळघाटात जिल्हा परिषद शाळेवर आहे. आम्हाला ग्रंथपालच नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसकट सर्व विषयांची पुस्तकं असावीत. ते चालवणारा माणूस मात्र परिशिष्टात कुठे नाही. मग ग्रंथालय म्हणजे माझ्या वर्गातली पत्र्याची पेटी आणि ग्रंथपाल मीच. शिवाय पोषण आहार माझ्याकडेच.

मला तुमच्यासारखं कोणी जवळ असतं तर काय विचारलं असतं, ते सांगते. माझ्या तिसरीतल्या मुलांची घरची भाषा कोरकू. मराठीशी तिचं नातंच नाही, मुंडा कुळातली भाषा ती. पेटीत दीडशेच्या वर पुस्तकं आहेत. त्यातली कोणती सात या मुलांना चित्रांच्या आधारानं कळतील, कोणती दिवाळीनंतर द्यायची, आणि कोणती पेटीत उगाच जागा अडवतात? हे मला कळत नाही. मी शिकवते, पुस्तकांवर माझी नजर तेवढी बसलेली नाही. तुमची बसलेली असणार. हे काम तुमच्या दोन्ही पानांवर दिसलं नाही.

कपाटाची किल्ली | सोमवार, रात्री १०.५२

बाई, खरंच नाही लिहिलं. रोज करते म्हणून असेल. सहावीतला एक मुलगा जाड पुस्तक पाहिलं की मागे सरकतो, त्याला किशोरचे सुटे अंक देते. बालभारती १९७१ पासून काढते आहे ते, आमच्याकडे जुने अंक बांधून ठेवले आहेत. पण हे कामात धरायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

जुनं दप्तर | मंगळवार, सकाळी ६.१५

मी अमरावती जिल्ह्यात एकतीस वर्षं शालेय ग्रंथपाल होतो. आता निवृत्त. तुमच्या प्रश्नाला वळसा घालून उत्तर देतो, चालवून घ्या.

माझ्या आधीच्या गृहस्थांकडून चार्ज घेतला तेव्हा रजिस्टरवर चार हजारांच्या आसपास पुस्तकं होती. मोजली तर सदतीस कमी. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, पुढच्या वेळी कमी भरली तर वसुली तुमच्या पगारातून. झालं. घरी नवीन संसार, पगार तो केवढा. मी दुसऱ्या दिवशी बाजारातून सहा कुलपं आणली आणि पुढची आठ वर्षं त्या पुस्तकांवर पहारा दिला. कोणी पुस्तक मागितलं की आधी पोटात गोळा यायचा. मुलं मागायची कमी झाली, ते मला बरं वाटायचं. आज लिहितानाही लाज वाटते. त्या आठ वर्षांत कोणी विचारलं असतं की तुझं काम काय, तर प्रामाणिक उत्तर होतं, पुस्तक कोणाच्या हाती लागू न देणं.

हे सुटलं कसं ते महत्त्वाचं. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक तरतूद आहे. २०१७च्या आवृत्तीत नियम २१५. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, आणि त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल, तर ते वाजवी धरावं. हजार रुपयांवरचं पुस्तक किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी. वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी. हा नियम केंद्राच्या कार्यालयांचा, आपल्या संस्थेला तो आपोआप लागत नाही. पण जुन्या आवृत्तीतली हीच तरतूद मी शाळा समितीपुढे ठेवली. समितीत एक कापसाचे व्यापारी होते. ते म्हणाले, "गुरुजी, आमच्या जिनिंगमध्ये घट धरतो तशी ही घट." ठराव झाला. दुसऱ्या आठवड्यात मी कुलपं काढली.

आता तुमचं पान. मुख्याध्यापकांना काम सांगण्याआधी स्वतःला विचारा, तुमच्या कपाटांना कुलूप आहे का? असेल, तर त्या पानावर आधी हे सोडवून मागा.

कपाटाची किल्ली | मंगळवार, सकाळी ७.०२

काका, माझं इथलं नाव वाचून लिहिलंत की सहज? नऊ कपाटं आहेत. सात कुलपात.

पुणेकर पोट्टा | मंगळवार, दुपारी १.२०

मूळचा चंद्रपूरचा, सध्या हिंजवडी. ताई, हे सगळं सॉफ्टवेअरवर घ्या. कोहा नावाचं आहे, फुकट. न्यूझीलंडमध्ये तयार झालं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. एकदा बसवलं की कोणतं पुस्तक कोणाकडे, किती वेळा गेलं, सगळं एका क्लिकवर. मुख्याध्यापकांना सरळ आलेखच दाखवा.

कपाटाची किल्ली | मंगळवार, दुपारी ३.४५

दादा, मनापासून धन्यवाद. शाळेत चालू स्थितीतला संगणक एक. तो ऑफिसात, आणि त्यावर मी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरते.

पुणेकर पोट्टा | मंगळवार, दुपारी ३.५०

समजलं. 🙏

घंटा | मंगळवार, रात्री ९.१०

मी दुसऱ्या बाजूचा. वर्धा जिल्ह्यात नऊ वर्षं मुख्याध्यापक होतो आणि ताईंच्या सरांनी विचारला तो प्रश्न मी कधी विचारलासुद्धा नाही. सरळ तास लावले.

सकाळी साडेदहाला काय होतं ते ऐका. दोन शिक्षक प्रशिक्षणाला, एक बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला, एकीचं लेकरू तापानं फणफणलेलं. चार वर्ग मोकळे, पोरं वऱ्हांड्यात. मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहतो. प्रत्येकाच्या नावापुढे चौकटी भरलेल्या, ग्रंथपालाची ओळच नाही. मग माझ्या लेखी शाळेत मोकळा माणूस कोण? दुष्टपणा नाही हो यात, तो कागद मला तेवढंच दाखवतो. मला वाटतं तुमचं निम्मं भांडण त्या भिंतीवरच्या कागदाशी आहे. तुमच्या पानावर काहीही लिहा, पण वेळापत्रकात एक ओळ मागा. पाचवी ते आठवी, आठवड्याला प्रत्येकी एक वाचन तास. ओळ आली की ती मोडायला मुख्याध्यापकाला हात उचलावा लागतो.

दुसरं. कामांची यादी देऊ नका. मला आयुष्यभर यादीच मिळाल्या, एक आठवत नाही. काय आठवतं सांगू? आमच्या ग्रंथपाल मॅडमनी एकदा दहावीच्या भूगोलाच्या सरांना प्रकल्पासाठी चार पुस्तकं पानांवर चिठ्ठ्या लावून दिली होती. सर स्टाफरूममध्ये आठवडाभर तेच सांगत होते. मला त्या बाईंचं काम त्या सरांच्या तोंडून कळलं. मुख्याध्यापकाला शिक्षकांकडून जे ऐकू येतं ते खरं वाटतं. तेव्हा आधी दोन शिक्षक गाठा.

तिसरं आमच्याच जातीचं पाप. पुस्तक खरेदी. मार्च आला की निधी संपवायचा, वितरक यादी घेऊन यायचा, मी सही करायचो. ग्रंथपालाला विचारायचं असतं हे सुचायचंच नाही. मग एकाच चरित्राच्या चाळीस प्रती आल्या की आम्हीच म्हणायचो, मुलं वाचत नाहीत.

शंकासुर | मंगळवार, रात्री ९.४०

सर, प्रांजळ लिहिलंत, मान्य. पण मुळातला प्रश्न कोणी बोलत नाही. आज सातवीच्या पोरालाही घरचा मोबाईल मिळतो. जे हवं ते विचारतो आणि बघतो. मग शाळेनं नऊ कपाटं आणि त्यांच्यासाठी एक माणूस का ठेवावा? उद्या हा प्रश्न संस्थाचालक विचारतील. ताईंकडे उत्तर आहे का?

बंडीवाला | बुधवार, रात्री ८.२५

हे सारं वाचून रायलो होतो, मले वाटलं आपनही लिवावं. मी शाळेतला मानूस नाई, कास्तकार आहो. कपाशी अन् तूर, कोरडवाहू.

सतरा साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारनीच्या इषबाधेनं मानसं गेली, ते तुमाले मालूमच असन. तवापासून फवारनी म्हटलं का घरात भांडन.

तं मांगच्या सालची गोष्ट आहे. पोट्टी आठवीत. एक दिवस शाळेतून आली अन् म्हने, बाबा, दवाईची बाटली कुठी ठेवता, मले पाह्यची आहे, हात नाई लावत. मी म्हटलं काहून? तं तिनं वही काढली. बाटलीवर एक चौकोन रायते, टोकावर उभा केल्यासारखा. त्याचा खालचा तिकोन रंगाचा. लाल असला तं सर्वात जहाल. मंग पिवळा, मंग निळा, अन् हिरवा सर्वात कमी. आमच्याकडं तीन बाटल्या निंघाल्या, दोन पिवळ्या अन् एक लाल. मी वीस वर्सापासून फवारून रायलो, मले वाटे तो कंपनीचा मार्का आहे!

मंग तिनं सोबतचा कागद मांगतला, जो आपन खोक्यासंगच फेकून देतो. तो तिनं भिंगानं वाचला. इष पोटात गेलं तं डॉक्टरले काय सांगाचं, ते त्याच्यात लिवलं रायते. म्या इचारलं, इज्ञानाच्या सरनं शिकवलं का? तं म्हने नाई, लायबरीच्या बाईनं. बाईनं कृषी केंद्रातून कोरे कागद आनले, पोट्टे बसवले अन् म्हटलं, याच्यातून चार गोष्टी हुडकून काढा.

आता हे शंकासुर भाऊ म्हनते मोबाइलात सारं आहे. आहे ना जी. मोबाइल माह्या हातात होता अन् बाटलीही माह्याच हातात होती. मले वाचाचं कोनं सांगतलं? ताई, तुमाले तुमचं काम सांगता येत नाई म्हनता, मले तं दोन मिनिटात सांगता येते.

तास तिसरा | बुधवार, रात्री ८.४०

भाऊ, तुमची पोस्ट उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

शंकासुर | बुधवार, रात्री ८.५५

बंडीवाला भाऊ, तुमच्यापुढे हात टेकले. प्रश्न मागे.

(लेखी देऊ नका, हे मागे घेतलेलं नाही.)

कपाटाची किल्ली | बुधवार, रात्री ११.३०

भाऊ, तुमचं वाचून मी उठून वही घेऊन आले. काल वर्गात एक गोष्ट झाली होती, ती आधी कामात धरलीच नव्हती.

सातवीतला एक मुलगा मित्राच्या फोनवरचा फोटो दाखवायला आला. खाली लिहिलेलं, 'हा बिनविषारी कवड्या साप आहे, मारू नका, पुढे पाठवा.' पावसाळा लागला, घराघरात साप निघतायत, फोटो सगळ्या गावात फिरलेला. तो म्हणाला, "मॅडम, हा मले कवड्या नाई वाटत." मी म्हटलं, का वाटत नाही ते पुस्तकातून सांग. सापांवरची दोन पुस्तकं होती, दोन्ही कुलपातल्या कपाटात. काढून दिली. वीस मिनिटं तो आणि त्याचा मित्र जमिनीवर पालथे पडून फोन आणि चित्र शेजारी ठेवून पाहत होते. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे फिके पडत जातात. मण्यारचे मान सोडून थोडे खाली सुरू होतात, बहुतेक जोडीनं, आणि शेपटीकडे ठळक होत जातात. फोटोत पट्टे शेपटीकडे ठळक होते. पोरगं ओरडलंच, "मॅडम, मण्यार आहे!"

मण्यार म्हणजे रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावणारी, आणि चावल्याचं धड दुखतही नाही. त्या फोटोवर विश्वास ठेवून कोणी साप हातात धरला असता तर? मी दोघांना एवढंच बजावलं की ओळख पटो न पटो, सापाला हात लावायचा नाही आणि चावला तर थेट दवाखाना. दोघांनी ज्यांच्या ज्यांच्याकडे फोटो होता त्यांना जाऊन सांगितलं. आमच्या शिपाईकाकांकडेही होता. त्यांनी तो खोडला.

माझं एवढंच मत झालंय आता. त्यांनी मला विचारलं नव्हतं की सापाचं पुस्तक आहे का. तो फोटो घेऊन ते माझ्याकडे आले, कारण त्यांना वाटलं की मॅडमकडे गेलं की कळतं. हे पानावर कसं लिहायचं?

जुनं दप्तर | गुरुवार, सकाळी ६.००

जसं इथे लिहिलंत तसंच. 'तालिकीकरण' हा शब्द काढून टाका. आयुष्यभर तालिका केल्या तरी सांगतो, काढून टाका.

थोडं अवांतर. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन मुळात गणिताचे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत वैतागून परत कॉलेजात शिकवायला पाठवा म्हणाले, तिथे बसून करायचं काय असं त्यांना झालं होतं. मग लंडनला शिकायला गेले, तिथली ग्रंथालयं पाहिली आणि मत पालटलं. १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच, पुस्तकं वापरासाठी आहेत. म्हणजे तुमच्या सरांनी जे विचारलं ते खुद्द रंगनाथनांनाही पडलं होतं. तेव्हा सरांवर राग धरू नका. त्याच १९३१ मध्ये तिकडे तमिळनाडूत मन्नारगुडीला बैलगाडीवर ग्रंथालय सुरू झालं. बंडीवाला भाऊंसाठी मुद्दाम सांगितलं.

आपण मात्र त्यांच्या जयंतीला, १२ ऑगस्टला, त्यांच्या फोटोला हार घालतो, दोन भाषणं करतो आणि कपाट परत लावून घेतो.

घंटा | गुरुवार, रात्री ८.००

पान मोठं करू नका. सुरुवातीला सापाची गोष्ट, पाच ओळी. मग हे करण्यासाठी मला हवं ते, तीन ओळी. मग माझ्याकडचं जे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं लागेल ते, एक ओळ. ही शेवटची ओळ लिहिताना हात अडेल. लिहाच. नाहीतर पान छान झालं म्हणतील आणि दुसऱ्या दिवशी फॉर्मचा गठ्ठा येईल.

आणि शनिवारी पान टेबलावर ठेवून पळू नका. समोर बसून वाचू द्या.

पुणेकर पोट्टा | शनिवार, सायंकाळी ६.३०

ताई, काय झालं? सगळे थांबलेत.

कपाटाची किल्ली | रविवार, सकाळी १०.१५

कालचा दिवस सांगते. मोठं होईल.

पान असं दिलं:

"सर, आपण विचारलं होतं. शाळेत असलेलं पुस्तक ज्याला लागतं त्याच्या हातात पडावं, आणि मूल जे वाचतं किंवा ऐकतं ते खरं की खोटं हे त्याला स्वतःला ताडता यावं, यासाठी मी इथे आहे. देवघेव हा त्यातला थोडा भाग. मंगळवारी सातवीच्या दोन मुलांनी काय केलं ते खाली लिहिते." मग साप.

त्यानंतर वहीतल्या नोंदी. या आठवड्यात मुद्दाम लिहून ठेवल्या होत्या, कोणी काय मागितलं आणि ते होतं की नव्हतं. चार दिवसांत तेवीस मुलं आली. नऊ जणांचं हवं ते पुस्तक आपल्याकडे नव्हतं. त्यात क्रिकेट, शिवणकाम, पोलीस भरती आणि एकीला 'आजी मेल्यावर वाचायचं असं काही'. ती आठवीतली. तिला काय द्यावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही, तेही तसंच लिहिलं.

हवं ते तीन ओळींत. सहावी आणि सातवीला आठवड्याला एक वाचन तास, वेळापत्रकात. मार्चच्या खरेदीआधी माझी ही वही पाहावी. कुलपं काढायची आहेत, त्यासाठी समितीपुढे घट मान्य करण्याचा ठराव. जोडीला काकांनी सांगितलेल्या नियमाची प्रत.

शेवटची ओळ: "शिष्यवृत्तीचे फॉर्म भरत असताना ग्रंथालय बंद असतं." घंटा सर, हात खरंच अडला. दुसरं कोणाला द्या असं लिहवलं नाही, बंद असतं एवढंच लिहिलं.

मी समोर बसले. सरांनी दोनदा वाचलं. पहिला प्रश्न काय आला असेल? "ती मण्यार होती हे नक्की?" मी पुस्तक सोबत नेलं होतं. मग शिपाईकाकांना बोलावलं, त्यांच्याकडून फोटोची गोष्ट ऐकली. मग म्हणाले, "माझ्याही फोनमध्ये आला होता. मी पुढे पाठवला." आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मिळालं ते असं. सातवीला बुधवारचा पाचवा तास. सहावीचा नाही, गणित मागे आहे म्हणाले. वही फेब्रुवारीत घेऊन या. ठरावाचं समितीच्या पुढच्या बैठकीत बघू. फॉर्म सप्टेंबरपर्यंत माझ्याकडेच, पण अकरा ते एक ग्रंथालय उघडं राहील आणि त्या वेळात मला कोणी बोलवायचं नाही. हे त्यांनी स्वतः ऑफिसच्या फळ्यावर लिहिलं.

सगळ्यात अनपेक्षित म्हणजे दुपारी विज्ञानाचे सर आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा, वर्तमानपत्र सोडून दुसऱ्या कशासाठी. बंडीवाला भाऊंची बाटलीवरच्या रंगांची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. ते म्हणाले, ऑगस्टमध्ये फवारणीचे दिवस, आठवीला आपण दोघं मिळून घेऊ का?

शंकासुर | रविवार, सकाळी १०.४०

फळ्यावरचं पुसलं जातं. फोटो काढलात का?

कपाटाची किल्ली | रविवार, सकाळी १०.४२

काढला. तारखेसकट.

तास तिसरा | रविवार, दुपारी १२.१०

ताई, आठवीतल्या त्या मुलीला लगेच आजीविषयीचं पुस्तक देऊ नका. आमच्याकडे असं झालं तेव्हा मी मुलाला कोरी वही दिली होती. दोन आठवड्यांनी त्यानंच पुस्तक मागितलं. बघा पटलं तर.

कपाटाची किल्ली | रविवार, दुपारी १२.३०

पटलं. उद्या वही नेते.

बंडीवाला | मंगळवार, रात्री ९.००

मी आमच्या शाळेच्या लायबरीच्या बाईले हा धागा दाखवला. म्हटलं, म्याडम, तुमचं नाव नाई घेतलं पन तुमच्यावर लिवलं आहे. त्याइनं चष्मा लावून सारा वाचला, खालपर्यंत. काईच बोलल्या नाईत. मंग म्हने, "तुमच्या पोरीकडं दिवाळीपासून दोन पुस्तकं आहेत, तेवढी पाठवून द्या."